पुलाच्या अलीकडे

आमचे गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या थडीवर आहे. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती जिल्हा. अलीकडे गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, पलीकडे परवान्याची दुकाने आहेत, आणि दोहोंच्या मध्ये एक पूल आहे. कापूस विकून पैसे हाती आले की मी पूल ओलांडत असे, सोयाबीन पिवळे पडून हातचे गेले तरी ओलांडत असे, आणि जेव्हा यातले काहीच घडलेले नसे तेव्हा निदान मोटारसायकलमध्ये पेट्रोल आहे एवढे कारण पुरत असे. त्याच रस्त्याने पुढे गेले की तिवसा तालुक्यात मोझरी लागते. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. माझे वडील आयुष्यभर हा पूल आश्रमाला जाण्यासाठी ओलांडत आले, आणि मी त्याच रस्त्यावर आश्रमाच्या बराच आधी उतरत असे.

दारू सुटून आता दीड वर्षाच्या वर झाले. गावात लोक विचारतात, तुम्ही ध्यान करता म्हणे, त्यानेच सुटली का? या प्रश्नाला मला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणणेही खोटे ठरेल. डोळे मिटून बसल्याने दारू सुटते असे जो सांगतो त्याने पहिल्या महिन्यातील दारुड्याला डोळे मिटायला लावून पाहिलेले नसते, असे माझे मत झाले आहे.

त्याआधीचे काही सांगावे लागेल. मी पहिल्यांदा दारू सोडली ती वडील वारल्यावर, तेराव्या दिवशी, त्यांची तुळशीची माळ गळ्यात घालून. ती माळ मी चार महिने पाळली. पाचव्या महिन्यात पलीकडे जाताना ती काढून घरातील खुंटीला टांगली, कारण माळ घालून पिणे पाप आहे हे मला ठाऊक होते. रात्री परत आलो की माळ पुन्हा गळ्यात. हा व्यवहार मला स्वतःलाही काही दिवस अगदी प्रामाणिक वाटत होता. मग एकदा माझ्या साळ्याने कुठल्याशा दुकानातून आणलेली गोळी पत्नीने मला न सांगता वरणात मिसळली. डायसल्फिरम नावाच्या या औषधाने दारूचे शरीरातील पचन अर्धवट राहते आणि मध्येच तयार होणारे विषारी द्रव्य रक्तात साठते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाला सर्व सांगून त्याच्या संमतीने दिले तर त्याचा उपयोग होतो. मला ते ठाऊकच नव्हते, म्हणून मी नेहमीप्रमाणे संत्र्याचा पव्वा घेतला आणि रस्त्याच्या कडेला तोंड लालबुंद होऊन, छाती धडधडत, आता मरतो अशा अवस्थेत पडलो. पत्नीचा मला अजूनही राग नाही. मात्र जी बाई नवऱ्याच्या ताटात लपवून ही गोळी घालण्याच्या विचारात असेल, तिने तसे करू नये, त्यात माणूस खरोखर जाऊ शकतो.

तिसऱ्या वेळी, दिवाळीनंतर, मी कोणालाही न सांगता एका सकाळी थांबलो. त्या काळात मी सकाळी उठल्याबरोबर घेत असे, म्हणजे थांबणे ही साधी गोष्ट राहिलेली नव्हती, पण हे मला कोणी सांगितलेले नव्हते. पहिल्या दिवशी हात कापू लागले आणि अंगाला घाम सुटला. दुसऱ्या दिवशी रात्री गोठ्यात उभा असताना मला फीट आली. तिसऱ्या दिवशी मी रुग्णालयाच्या खाटेवरून, दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या बैलजोडीला हाका मारत होतो आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग जाताना पाहत होतो. तेथील डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले की दारू मेंदूला वर्षानुवर्षे मागे ओढत असते, म्हणून मेंदू तितक्याच जोराने पुढे ओढायला शिकतो, आणि एका सकाळी मागचा ओढा अचानक सुटला की तो भरधाव सुटतो. उतारावर बंडीची ओढण सुटावी आणि बैलांच्या मागे पूर्ण भार यावा, तसे ते असावे. फीट पहिल्या दोन दिवसांत येण्याचा धोका असतो आणि भ्रम बहुतेक तिसऱ्या दिवसाच्या आसपास सुरू होतो. त्यावर झोपेच्या गटातील गोळ्या मोजून देतात आणि रोज थोड्या थोड्या कमी करतात. सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण रोज पिणाऱ्याच्या शरीरात ते उरलेले नसते आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मी आठ दिवस तेथे होतो. तेवढ्या दिवसांत ध्यानाचा विषय कोणी काढला नाही, आणि आता मला वाटते की तेच योग्य होते. आज गावात कोणी विचारले, तर रोज सकाळपासून पिणाऱ्याला मी आधी दवाखान्यात पाठवतो, आणि घरच्यांना १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा निःशुल्क क्रमांक लिहून देतो.

घरी परत आल्यावर मोकळेपणा वाटेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात घरी आल्यावर मला दिवसाची लांबी कळली. पिणाऱ्याचा दिवस आखलेला असतो. पैसे कुठून काढायचे, कोणते निमित्त सांगून निघायचे, नाक्यावर पोलीस असेल तर बाटली कुठे लपवायची, परत आल्यावर कोणत्या दाराने घरात शिरायचे, यात माणूस सतत गुंतलेला असतो. ते सर्व एकदम गेले आणि त्या जागी काहीच आले नाही. सकाळ वावरात निघून जाई. दुपारी झोप लागत नसे, पण आडवे होता येई. दिवेलागणीची वेळ मात्र टळत नसे. गुरे परत येत, धूळ उडे, घराघरांतून चुलीचा धूर निघे, आणि बरोबर त्याच वेळी जिभेखाली पाणी सुटू लागे, मान आखडे, आणि पाय आपोआप मोटारसायकलच्या दिशेने वळत. रुग्णालयातील समुपदेशकाने याचे कारण सांगितले होते. वीस वर्षे एका ठरावीक वेळी, ठरावीक उजेडात, ठरावीक वासात शरीराला दारू मिळत आली, म्हणून तो उजेड आणि तो वास आला की शरीर आपल्याआधीच तयारीला लागते. त्याने आणखी सांगितले की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी आधी तपासा, कारण ओढ लागली असे आपल्याला वाटते तेव्हा कित्येकदा माणूस नुसता उपाशी असतो. हे मला फार उपयोगी पडले. पाच वाजता मी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाऊ लागलो. दारूत साखर नाही, पण दारू गेल्यावर मला गोडाची इतकी भूक लागे की मुलीच्या डब्यातील लाडू मी चोरून खाल्ले आहेत.

ध्यानाचा सल्ला मला त्याच आठवड्यात एका नातेवाइकाने दिला. मन शांत करा म्हणाला. मी देवघरासमोर बसलो, डोळे मिटले, आणि जे दिसले त्यात शांत असे काही नव्हते. बहिणीच्या लग्नात मी मांडवात पडलो होतो तो प्रसंग दिसला. बँकेतून पीककर्जाचे पैसे काढून आणताना वाटेत त्यातले किती गेले तो हिशेब दिसला. वडिलांच्या शेवटच्या रात्री मी कुठे होतो ते दिसले. पाच मिनिटांत मला घाम फुटला आणि मी उठून थेट रस्त्यावर आलो. दारू ज्या गोष्टींवर झाकण घालत होती त्या सर्व डोळे मिटताच बाहेर आल्या, आणि त्या पुन्हा झाकायला मला एकच वस्तू ठाऊक होती. त्या संध्याकाळी मी पुलापर्यंत गेलो नाही याचे श्रेय माझ्या मनोनिग्रहाला नाही. मोटारसायकलची किल्ली पत्नीने माहेरी पाठवून दिली होती.

त्यानंतर आईने मला वाती वळायला बसवले.

हे तिने काही उपचार म्हणून केले नाही. तिने लाख वाती जाळण्याचा नवस बोललेला होता, हे मला तेव्हा माहीतही नव्हते, आणि कशासाठी बोलला होता हे तिने आजतागायत सांगितलेले नाही. ओसरीत तिच्यासमोर आमच्याच वावरातील वेचणीचा कापूस होता. मी उंबऱ्यावर हातावर हात चोळत बसलो होतो. ती म्हणाली, "हात रिकामे काऊन ठेवले? ये, बस. वाती वळ." आमच्याकडे हे बायकांचे काम. समोरून जाणाऱ्या दोघांनी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पानटपरीवर माझ्या नावाने काय झाले असेल ते मी समजू शकतो. पण मी बसलो, कारण उठून जायचे तर एकच दिशा होती.

कापसातून सरकी काढायची. बोंडातील कचरा, पाचोळ्याचे बारीक तुकडे निवडायचे. चिमटीने कापूस ओढून त्याचा धागाधागा मोकळा करायचा. मग बोटांना किंचित राख लावून तळहातावर लांब वात वळायची, किंवा चिमूटभर कापूस पसरून त्याच्या कडा वर गोळा करायच्या आणि शेंड्याला पीळ द्यायचा, म्हणजे फुलवात होते. ऐकायला सोपे आहे. माझे हात तेव्हा थरथरत होते, म्हणून वात एकीकडे जाड आणि एकीकडे इतकी बारीक होई की उचलताच तुटे. पहिल्या संध्याकाळी मी एकूण अकरा वाती केल्या आणि आईने त्यांतल्या सात कापसात परत टाकल्या. पण ते करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हात कापतात म्हणून हातावर रागावले, दम धरून जोर लावला, की वात लगेच तुटे. श्वास सोडताना, बोटे सैल ठेवून पीळ दिला तर जमे. म्हणजे वात चांगली व्हावी म्हणून मला माझ्या श्वासाकडे बघावे लागत होते, आणि कोणी बघ म्हणून सांगितलेले नसताना मी ते अर्धा तास करत होतो. डोळे उघडे होते, समोर आई होती, चुलीवर भाकर भाजत होती, आणि डोळ्यांमागची ती सर्व चित्रे आतच राहिली होती.

सुरुवातीच्या दिवसांत माणसाला नुसते बसवू नये, हातांना काहीतरी द्यावे, हे माझे तेव्हापासूनचे मत आहे. ते वातीच असले पाहिजे असे नाही. माझा एक मित्र त्याच सुमारास दारूतून सुटला, तो दोरखंड वळत असे. आणखी एकाने गोठ्याची सारवण हाती घेतली आणि त्याच्या गोठ्याइतका स्वच्छ गोठा आमच्या पंचक्रोशीत नव्हता. काम असे हवे की ज्यात डोके फारसे लागत नाही, पण लक्ष काढून घेतले तर ते लगेच बिघडते. मोबाइल मात्र यात येत नाही. तो मी करून पाहिला आहे. त्यात तास जातो, पण उठताना माणूस जितका अस्वस्थ होता त्याहून अधिक अस्वस्थ असतो.

वातींचे काम साडेसहापर्यंत चाले. त्यानंतरचा वेळ गावातील गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेने व्यापला. आमच्या भागातील वाचकांना ही प्रार्थना सांगायला नको. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, ही तुकडोजी महाराजांनी गावोगाव घालून दिलेली रीत आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तेथे जात असे आणि खंजिरी वाजवायला मिळावी म्हणून रांगेत पुढे बसत असे. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा तेथे जाऊन बसणे अवघड होते, कारण तेथे बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याने मला कधी ना कधी नालीच्या काठावरून उचलून घरी आणले होते. कोणी काही बोलले नाही. एकाने सतरंजीवर थोडे सरकून जागा केली. भक्तीचा भाग मी बाजूला ठेवतो, कारण त्याबाबत माझे मन अजून निश्चित नाही, पण एक साधी गोष्ट त्यात होती. महाराजांनी प्रार्थनेला जी वेळ दिली तीच माझी पुलाकडे जाण्याची वेळ होती. गावातील पुरुष दिवसभराच्या कामानंतर जेव्हा कुठेतरी जाऊन बसू पाहतो, तेव्हा त्याला बसायला जागा असावी, हे त्यांना ठाऊक होते की काय कोण जाणे. विदर्भभर भजनांतून व्यसनांवर कोरडे ओढत फिरलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

श्वासाचे ध्यान मी शिकलो ते मात्र गावातील बुद्धविहारात. माझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेला एक मित्र तेथे रविवारी वंदना घेतो. त्याचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पायी आणि बंडीने गेले होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधील दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांनी मरेपर्यंत पाळली. मित्राने स्वतः नागपूरला विपश्यनेची दहा दिवसांची दोन शिबिरे केलेली आहेत. मीही लगेच शिबिराला जातो असे म्हटल्यावर त्याने मला थांबवले. आत्ता नको, म्हणाला, दहा दिवस मौनात बसणे सोसायला आधी अंग नीट होऊ दे. त्याऐवजी त्याने मला रोज दहा मिनिटे आनापान करायला सांगितले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसते पाहणे.

"श्वास लांब करू नका, आखूड करू नका, भाऊ," तो म्हणाला. "पुलावरच्या नाक्यावर शिपाई बसते ना, तसं नाकाच्या नाक्यावर बसा. कोण आलं, कोण गेलं, एवढंच पाहा. पण आपला शिपाई गाड्या थांबवते, तुमी काही थांबवू नका."

मला हे लगेच कळले, कारण त्या नाक्याचा माझ्याइतका अभ्यास कोणाचा नसेल. मी दहा मिनिटे बसलो आणि आठ मिनिटे गाड्या थांबवण्यात गेली. तरी आता एक फरक होता. आधी दोन महिने हात चालवून झाले होते, पोट भरलेले होते, गोळ्या संपल्या होत्या, आणि जी चित्रे देवघरासमोर माझ्या अंगावर धावून आली होती त्यांतली निम्मी मी पत्नीला एकेका रात्री तोंडाने सांगून टाकली होती. नंतर मला कळले की १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संस्थेच्या बारा पायऱ्यांमध्येही प्रार्थना आणि ध्यान यांचा उल्लेख अकराव्या पायरीवर येतो. त्याआधी आपली हार कबूल करणे, आपल्या चुकांची यादी करणे, ती दुसऱ्या माणसासमोर वाचणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, असे सर्व येते. ध्यान अकरावे. हे मला फार पटले.

श्वासाकडे पाहिल्याने ओढ जाते असे नाही. ती येतेच. समुपदेशकाने मला जी. ॲलन मार्लॅट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची एक कल्पना सांगितली होती. त्यांच्या मते ओढ ही समुद्राच्या लाटेसारखी असते, ती चढते, फुटते आणि ओसरते. तिच्याशी झगडू नये आणि तिच्यात बुडूही नये, तिच्यावर तोल सांभाळून राहावे. मी समुद्र एकदाच पाहिला आहे, तोही लग्नानंतर. मला पूर समजतो. वर मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी सोडले की आमच्याकडे भोंगा देतात. पाणी आधी काठच्या गवताला लागते, मग खालच्या वांगीच्या वाडीत शिरते, दोन तासांनी असे वाटते की आता हे थांबणारच नाही, आणि मग दगडावरची ओली रेघ पाण्याच्या वर दिसू लागते. पुराच्या वेळी शहाणा माणूस पाण्यात उतरत नाही आणि पाण्याला शिव्याही देत नाही. तो उंच दरडीवर बसून दगडाकडे पाहतो. मी ओढीचे तसेच केले. ती शरीरात कुठून सुरू होते ते पाहिले. माझी ओढ जबड्यापासून सुरू होते, मग घसा, मग छातीच्या मधोमध एक पोकळ दाब, आणि शेवटी पोटऱ्यांत चुळबुळ. मी घड्याळ लावून मोजले आहे. सर्वांत मोठी एकोणतीस मिनिटे टिकली. वीस वर्षांत मी एकदाही एकोणतीस मिनिटे थांबलो नव्हतो, म्हणून ती ओसरते हे मला कधी कळलेच नव्हते.

याच मार्लॅट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सिएटलजवळच्या एका तुरुंगात विपश्यनेची शिबिरे केलेल्या कैद्यांचा अभ्यास केला होता, आणि पुढे त्यातून घसरण, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळणे, टाळण्यासाठी ध्यानावर आधारलेली एक आठ आठवड्यांची पद्धत तयार झाली. तिच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात २८६ जण होते. एका गटाला नेहमीचा पाठपुरावा मिळाला, दुसऱ्याला घसरण टाळण्याचे प्रशिक्षण, आणि तिसऱ्याला त्यासोबत ध्यान. वर्षभरानंतर ध्यानाच्या गटात नशेचे आणि भरमसाट पिण्याचे दिवस सर्वांत कमी आढळले. विपश्यना ब्रह्मदेशातून सत्यनारायण गोयंका यांनी भारतात परत आणली, आपल्या इगतपुरीहून ती जगभर गेली, आणि तिचा माझ्यासारख्याला काय उपयोग ते मला सिएटलमार्गे कळले, याची मला थोडी गंमत वाटते. पण त्या चाचणीतील एक गोष्ट लोक सांगताना गाळतात. ते २८६ जण आधीच व्यसनमुक्तीचे प्राथमिक उपचार पूर्ण करून आलेले होते.

त्या हिवाळ्यातील जागलीबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. आमच्याकडे हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात, म्हणून रात्री वावरात राहावे लागते. शिवाय कित्येक आठवडे ओलितासाठी लाईन रात्रीच येते, त्यामुळे शेतकऱ्याला मध्यरात्री मोटार चालू करायला जावेच लागते. आधी जागल म्हणजे चार धुऱ्यांवरचे चार जण एकत्र जमून पिणे, आणि डुकरांनी आरामात जेवणे. दवाखान्यातून आल्यावर पत्नी मला जागलीला सोडायला तयार नव्हती. दारू सोडल्यानंतर झोप कित्येक आठवडे, काहींची कित्येक महिने नीट येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेले होते, आणि घरात रात्रभर कूस बदलत पडण्यापेक्षा वावरात जागे राहणे मला बरे वाटले. शेवटी तिचा भाऊ पहिले आठ दिवस माझ्यासोबत आला. मग मी एकटा जाऊ लागलो.

मचाणावर घोंगडी पांघरून बसलो की प्रथम काहीच ऐकू येत नसे, फक्त स्वतःच्या डोक्यातील बडबड. मी आवाज मोजायला सुरुवात केली. दूर कुठेतरी कोल्हेकुई. टिटवी, जी आमच्याकडे अशुभ मानतात आणि जी बिचारी केवळ आपली अंडी राखत असते. स्प्रिंकलरची चकती फिरताना होणारा टक्‌टक् आवाज आणि पाणी पानांवर पडण्याचा त्यामागचा आवाज, जो लक्ष दिल्याशिवाय वेगळा काढता येत नाही. पुलावरून जाणारा ट्रक. त्याचा आवाज पुलावर चढताना पोकळ होतो आणि उतरताना पुन्हा भरीव होतो. एका रात्री मी असे सतरा आवाज मोजले. बसण्याचा जो अर्थ मला देवघरासमोर लागला नव्हता तो तेथे थोडासा लागला असे मला वाटते. मनात काही थांबलेले नव्हते. वडिलांच्या शेवटच्या रात्रीचे चित्र तेथेही आले. फक्त ते आता सतरा आवाजांमधील अठरावे होते, आणि मी घोंगडीतून न उठता त्याच्याकडे पाहू शकलो. पहाटे चारच्या सुमारास थंडीने बोटे वाकत नव्हती. मी रडलो हेही लिहून टाकतो. मग मोटार बंद करून घरी आलो.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की यानंतर सर्व सुरळीत झाले. फाल्गुनात मी प्यालो. मावसभावाच्या लग्नात, मोर्शीकडे, वरात निघण्याआधी. मी ध्यान सोडले नव्हते. त्या सकाळीसुद्धा दहा मिनिटे बसलो होतो आणि चांगले बसलो होतो. तेच नडले असावे. चार महिने पूर्ण झाले होते, ओढ कशी येते आणि कशी जाते हे मला कळले आहे असा मला गर्व झाला होता, आणि उन्हात उपाशी पोटी चार तास उभा राहिल्यावर हाती ग्लास आला तेव्हा मी नाक्यावर नव्हतोच. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. पुढच्या वेळी कोणत्या लग्नाला जायचे नाही ते आत्ताच ठरवा, एवढेच म्हणाले. मी दोन वर्षांसाठी सर्व लग्ने सोडली आहेत, आणि नातेवाईक रागावले आहेत.

घरी मुलीला ते लगेच कळले होते. ती दहा वर्षांची आहे. मी बाहेरून आलो की ती दारात उभी राहून म्हणते, "बाबा, हा करा बरं." मी तोंड उघडून श्वास सोडतो आणि ती हुंगते. सुरुवातीला मला याची लाज वाटे. विहारातील मित्राला सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे तुमच्या श्वासाकडे पाहणारे दोघं झाले."

गेल्या वर्षी आश्विनात, राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला, मी पूल ओलांडला. आईला मोझरीला न्यायचे होते. दुकान आले तेव्हा मी गाडीचा वेग कमी केला नाही, आणि आईनेही काही पाहिले नाही असे दाखवले. तेथे दरवर्षी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या महानिर्वाणाच्या घटकेला, मौन श्रद्धांजली असते. पटांगणात लाखभर माणसे असतील. क्षणापूर्वी कोणी पाण्याची बाटली मागत होते, कोणी हरवलेल्या पोराला हाका मारत होते, आणि मग सर्व आवाज बंद झाले. मी सवयीने मोजू लागलो. कुठेतरी लहान मूल रडत होते. एका ध्वजाची दोरी खांबावर आपटत होती. शेजारी आईचा श्वास होता, थोडा घरघरता, कारण तिला दमा आहे. तो मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. पाच वाजत आले होते, म्हणजे माझी गूळ-शेंगदाण्याची वेळ झाली होती, आणि खिशात पुडी होती.

या वर्षी पोळ्याच्या करीला दोन जुने सोबती अंगणात आले. करीचा दिवस आमच्याकडे मटणाचा आणि बाटलीचा. मी ओसरीत कापूस घेऊन बसलो होतो. त्यांनी बसून थोडा वेळ पाहिले, चहा घेतला. एकाने सहज म्हणून एक वात वळून पाहिली, ती तुटली, आणि ते उठून गेले. त्यांतला वात वळणारा आठ दिवसांनी एकटाच परत आला होता, पण त्याची गोष्ट त्याने सांगायची आहे, मी नाही.

आईचा लाख वातींचा नवस येत्या त्रिपुरी पौर्णिमेला फिटायचा आहे. ती शंभरांच्या जुड्या बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि भिंतीवर कोळशाने रेघा ओढते. माझा अंदाज होता की त्यांतल्या निदान दहा हजार माझ्या असतील. काल संध्याकाळी मी ते तिला बोलून दाखवले. तिने डबा उघडून माझी एक जुडी सोडली, दिव्यापाशी धरली, दोन-तीन वाती बोटांत फिरवून पाहिल्या आणि वेगळ्या काढल्या.

"या जाड हायेत," ती म्हणाली. "रोजच्या समईले चालतीन. लाखात नाई धरत मी."